आत अजून एक जण आहे

...नाही, मी म्हणतो, ठिगळ लावायला सांगा, माझी ना नाही, पण सदरा अंगात घालून हिंडणाऱ्याला आधी जरा थांब म्हणाल की नाही? थांबत नाही हो कुणी! सदरा म्हणजे आमचा सर्व्हर. युनिक्स नावाच्या सिस्टीमवर चालतो. अख्ख्या औषधांच्या गोदामाची बिलं, माल, सगळं त्याच्या पोटात, आणि त्याला ठेवलाय कुठे, तर जिन्याखालच्या खोलीत, फरशी पुसायच्या फडक्यांशेजारी. त्याची बडदास्त ठेवणारा मी. फडक्यांचीही मीच ठेवतो असं साहेबांना वाटतं, ते वेगळंच.

तर तुम्हाला सांगतो, सर्व्हरवाल्या कंपनीचा निरोप आला, तुमच्या सिस्टीमला भोकं पडलीत, पॅच टाका, नाहीतर चोर शिरतील. पॅच म्हणजे ठिगळंच. साहेब म्हणाले, "शनिवारी अर्धा दिवस आहे, दुपारी उरकून टाक." उरकून टाक! भांडी घासायचीत जशी! आणि नेमकी त्याच दुपारी माझी ताई येणार... सख्खी मोठी बहीण हो, कित्येक वर्षांनी या बाजूला, आणि तीही राहायला नाही, नुसती बस बदलायला. फोनवर म्हणाली, "येशील ना रे स्टँडवर? तोंड तरी बघू दे." म्हटलं, ताई, तुझ्या आधी येऊन उभा असतो.

आता हे पॅच सरळ येतील तर शपथ. नातेवाइकांसारखं आहे त्यांचं. एक म्हणतो, आधी थोरल्याला बोलवा, मग मी येतो. थोरला म्हणतो, धाकटा आत असेल तर मी उंबऱ्यातच थांबतो. एक तर असला खट, की तो आला की आधीचा कुणीतरी न सांगता निघून जातो. आठवडाभर एकेकाचे रुसवेफुगवे काढून सगळ्यांना ओळीत बसवलं, त्यांचं एक गाठोडं बांधलं, म्हणजे एकदाच आज्ञा द्यायची की झालं. जुन्या मशीनवर चालवूनही बघितलं. खोटं कशाला बोलू, माझं मलाच कौतुक वाटलं. आणि हे सगळं कशासाठी, तर ठिगळासाठी!

बरं, गाठोडं सोडायला अट एकच. सगळ्यांनी सर्व्हरमधून बाहेर पडायचं. साधी गोष्ट ना? अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "दोनच मिनिटं हो, एवढं एक बिल." त्या दोन मिनिटांत माझा चहा निवला, त्यावर साय आली. गोदामातले काका म्हणाले, "मी कुठं आत आहे? हा काय तुझ्यासमोर उभा." म्हटलं, काका, तुम्ही नाही, तुमचा कॉम्प्युटर. "तो केव्हाच बंद केला की, काळा झालाय बघ." अहो, काळा झाला म्हणजे झोपलाय, गेलेला नाही!

शेवटी एकदाचे सगळे घरी गेले. मी आज्ञा दिली. आणि मशीन म्हणतं, आत अजून एक जण आहे.

कोण? तर नाव लिहिलंय 'ऑफिस'. आता सगळ्यांचंच नाव 'ऑफिस'! प्रत्येकाला वेगळं नाव देऊ या म्हणून मी साहेबांच्या मागे लागलो होतो, तर म्हणाले, "कशाला? आपण एक कुटुंब आहोत." घ्या, शोधा आता कुटुंबातलं कोण राहिलंय ते! तसं एका आज्ञेत बाहेर ढकलता येतं, पण मागे एकदा ढकललं तर मॅडमचं बिल अर्धवट लटकलं, आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

मग काय, टेबल टेबल हिंडलो, एकेक माउस हलवला. ताईचा फोन, "पोचले रे, तू कुठं आहेस?" म्हटलं, निघालोच. मॅडमना फोन लावला आणि, काय सांगू, तोंड सुटलं माझं, तुमच्यापायी माझी बहीण चुकायची म्हणालो. त्या बिचाऱ्या अर्ध्या वाटेतून परत आल्या, आपला कॉम्प्युटर उघडून दाखवला. त्या केव्हाच बाहेर पडल्या होत्या. राहिली साहेबांची केबिन, तिला कुलूप. साहेबांना घरून बोलावलं, आले ते चिडलेले, "मी तुझ्या त्या काळ्या पडद्याला हातसुद्धा लावत नाही." उघडलं दार... आणि पडद्यावर कोण होतं?

मी होतो हो! सकाळी मीच साहेबांना हौसेनं दाखवलं होतं, हे बघा, आत कोण कोण आहे ते असं बघतात. दाखवलं, आणि तसाच उठून आलो. गावभर शोधलं, आणि आत मीच. हे सगळं कशासाठी, तर ठिगळासाठी!

मॅडम मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "जा तुम्ही. मी बसते इथं, काही विचारलं त्यानं तर फोन करते." चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. गाठोडं सोडलं आणि धावत सुटलो. स्टँडवर पोचलो तर बसच्या जागी नुसतं तेल सांडलेलं.

फोन वाजला. ताई. "असू दे रे, काम असतं माणसाला. रडतोयस का?" म्हटलं, नाही, पळत आलोय. आणि रडतच होतो. म्हटलं, ताई, तुला सांगू, मला ना तुझी...

"थांब थांब," ती म्हणाली, "या फोनवर काहीतरी आलंय बघ. नवीन काहीतरी टाकायचंय म्हणतोय, बंद होऊन परत चालू होईन म्हणतोय. तुझ्याच लाइनीतलं ना हे? हो म्हणू का?"

म्हटलं, ताई, आत्ता नको, आधी माझं ऐक...

"म्हटलं बाई हो," ताई म्हणाली, आणि फोन बंद.

मी आपला उभाच तिथं. आता तो परत चालू होईपर्यंत वाट बघायची. तेवढं मात्र मला जमतं... पगारच त्याचा मिळतो.