अप्पांची चिकटवलेली तुळई

मंडळी, आयाबायांनो, तुमी एवढ्या उन्हाचं आलात. मला शोकसभेत बोलायला उठवलंय. मी स्लॅब टाकणारा गुत्तेदार, आन् मन्मथअप्पा लाकडाच्या वखारीचे मालक. आमचं जन्मभर भांडण. आज भांडायला समोर कुणी न्हाई. लई अवघड जातंय.

जरा वर बघा. ह्या समाजमंदिराची ही तुळई अप्पांची. अख्खं सागवान कुठनं आणायचं? म्हणून बाभळीच्या आखूड फळ्या वाळवल्या, शहरातनं गोंद आणला, एकीवर एक चिकटवून दाबून ठेवल्या. आपण हसलो. चिकटवलेलं छत म्हणालो. अप्पांनी काय केलं? तुळई दोन ओट्यांवर ठेवली, वर ज्वारीची पोती रचायला लावली, आन् स्वतः खाली पान लावत बसले. वहिनी रडकुंडीला आल्या. अप्पा म्हणाले, आधी चुना दे.

मी विचारायचो, अप्पा, कावून हा उपद्व्याप? ते म्हणायचे, "गुत्तेदार, तुझ्या सिमेंटला भट्टी, विटेला भट्टी. घर उभं राहायच्या आधीच आभाळ काळं. धुरातला कार्बन झाड हवेतनं ओढून घेतंय, ते सगळं लाकडात बसून असतंय. जाळलं की परत वर जातंय. छतात हाय तोवर तिथंच राहतंय. फक्त तोडलं तिथं नवं लावायचं."

मग शेजारच्या जिल्ह्यात भूकंप झाला, लाकडी छतं वरच्या दगडामातीसकट कोसळली. लोक भ्याले. भ्यायलाच पाहिजे होतं. अप्पा सांगत फिरले, जीव घेतले ते दगडामातीच्या वज्यानं, म्हणून तर मी वर हलकी कौलं घातलीत. कोण ऐकतंय? गावानं ठरवलं, छत काढायचं, स्लॅब टाकायचा. काम मलाच दिलं.

आजारपणात भेटायला गेलतो. म्हणाले, "काढलंस तर तुळई चुलीत जाऊ देऊ नको." बाकी काही मागितलं न्हाई.

परवा आपण अप्पांना त्यांच्या लिंगायत रीतीनं मांडी घालून बसवलं, माती दिली. ज्यांच्या वखारीतनं गावाच्या सरणाला लाकूड गेलं, त्यांच्यापायी एक काडी जळली न्हाई. तवापासनं मला चैन न्हाई.

मंडळी, ते काम मी करणार न्हाई. ज्याला अजून भ्या वाटतंय त्यानं ज्वारीची पोती आणावीत, वर रचावीत. खाली पान लावत मी बसतो.

आता उभे राहा. दोन मिनिटं गप्प राहू. मान खाली नको, नजर वर तुळईकडं ठेवा.

अप्पा, तुमच्याच रीतीनं शेवटचा नमस्कार, शरणार्थ.