बाळू कोंबडा आणि इंग्रजीचे मास्तर

सांगा बरं, बाळू कोंबडा मेला का वाचला? पैज लावतो, नाही सांगता येणार.

धुळ्याचे जावई आले होते, इंग्रजीचे मास्तर. म्हातारी मसाला वाटत होती, बऱ्याच दिवसांनी रस्सा मिळणार म्हणून मीबी खुशीत.

जावई म्हणे, "आबा, इंग्रजीत मारायचे बठ्ठे, सगळेच शब्द वेगळे. डास मारला तर किल, पुढारी मारला तर असॅसिनेट, खायला कोंबडा कापला तर स्लॉटर."

मी गंमत म्हणून बाळूला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "सकाळी यानं तुमच्याच हातचे दाणे खाल्ले. ओळखीच्याला असं ठरवून मारलं तर?"

जावई त्याच्याकडे बघतच बसले. "मग मर्डरच म्हणावं लागेल, आबा. मला नको रस्सा."

म्हातारीनं पाटा धुऊन ठेवला. मला म्हणे, "आता तुम्हीबी भरीतच खा."