वरची खोली, खाली हार्प्सिकॉर्ड

नाही हो, बॉयलर नाही बिघडलेला. हार्प्सिकॉर्ड आहे तो — पियानोसारखा दिसतो, पण आत हातोड्या नसतात, बारीकशी काडी तार छेडते, म्हणून असा डब्यात सुट्टे पैसे हलवल्यासारखा आवाज येतो. यशोधन वाजवतोय. आमचा खालचा भाडेकरू, संगीत शिकतो. तुम्ही खोली बघा ना, विनय. कपाट मोठं आहे, इल्फर्ड स्टेशन चालत जवळ, तिथून लंडनच्या मध्यात थेट गाडी — गार वाटतंय? हो, हीटिंग बंद ठेवते मी. उष्णतेने तारा उतरतात. माणसाला स्वेटर घालता येतो, तारेला कुठे येतो?

परत तेच वाजवतोय, असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं बिचाऱ्याचं चुकतंय. खाली जाऊन म्हटलं, चुकू दे रे, पुढे जा. तर म्हणाला, काकू, हा सोनाटा असाच आहे, पहिला भाग दोनदा, मग दुसरा भाग दोनदा. जुन्या काळचा आहे, तेव्हा लोकांना वेळ असायचा.

स्वयंपाकघर खुशाल वापरा. फक्त तो वाजवत असताना कुकर लावायचा नाही, शिट्टी बेसूर येते. परवा मी डाळ पातेल्यात शिजवली — म्हणजे शिजली नाहीच — आणि हे वैतागले. म्हणाले, त्या पेटाऱ्यापायी वरच्या खोलीत कोणी टिकत नाही; आज खोली गेली नाही तर पेटारा घराबाहेर. आता तुमच्यावरच आहे सगळं. तशी मी काही रडत बसणार नाही. पण एका जागी त्याचा उजवा हात डाव्यावरून टुणकन पलीकडे जातो ना, तिथे मी लाटणं धरून नुसती उभी राहते. पोळी करपते. करपू दे. आमच्याकडे माझ्याशी कोणी एक वाक्य धड पूर्ण बोलत नाही, आणि हा सगळं दोनदा सांगतो — जाऊ दे, तुम्हाला काय सांगत बसले.

काय? घरून काम करता? दिवसभर मीटिंग्ज? आणि तेवढा वेळ त्याने थांबायचं?

मग खोली गेली, विनय. आत्ताच. कोणाला म्हणजे — मला. खोली जायला हवी एवढंच म्हणालेत हे, कोणाला ते कुठे म्हणालेत? संध्याकाळी गादी आणते वर. ह्यांना घोरायला अख्खा पलंग मोकळा. तुम्ही लंडन सोडून लांब लेस्टरला बघा ना, तिकडे घरं मोठी असतात म्हणे. आणि जिन्याची मधली पायरी करकरते, तेवढी गाळून उतरा.