विक्रांतचा उजवा कान

आंघोळ घालताना बाळाचे कान जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भावनानं ते हसण्यावारी नेलं. आता कान दुखून रडणाऱ्या छोटीला मांडीवर घेऊन ती अंबरनाथच्या दवाखान्यात बसली होती. शेजारी विठ्ठलवाडीहून आलेल्या बहीण-भावाचं चाललं होतं.

“विक्रांत, कान वाहतोय हे डॉक्टरांना सांग.”

“सांगितलं तर डायव्हिंगचं सर्टिफिकेट देतील का, ताई? लग्नांचे फोटो पुरे झाले. आता समुद्राखालचे काढायचेत.”

“मालवणचं पाणी रोज बदलतंय म्हणालास. सोमवारी गढूळ असलं तर?”

“टेन्शन नको घेऊ. दिसेनासं झालं की गाइड सिलिंडरवर टकटक करतो. ते ऐकून वर यायचं.”

“नंबर आला तुझा.”

“गाइड चांगला आहे गं.”

“अरे, नंबर आला!”

“मग डाव्या बाजूनं बोल ना!”

पाच मिनिटांत तो कागद नाचवत बाहेर आला. “बीपी एकदम झकास!”

भावना उठली, पुन्हा बसली. कंपाउंडरला सांगावं की त्या ताईला, तिला कळेना. तोवर दोघं जिना उतरून गेले.

सोमवारी मालवणला कुणी असाल, तर विठ्ठलवाडीचा विक्रांत पाण्यातून वर आला का, तेवढं बघाल?