घड्याळात खराबी नाई

पुन्हा आनलं? बंडूजी, तिसरं घड्याळ आहे हे! दोन बदलून देले — अन् तुमी कापूस बाजारभर सांगून राह्यले, हिरालाल मोबाइलवाला डुप्लिकेट माल खपवते म्हनून. थांबा, माह्या मनगटावर बांधतो. हे पाहा, अठ्ठ्याहत्तर ठोके. चहावाल्या गोपालले बांधलं — ब्याऐंशी. आता तुमच्या हातावर... एकशे शहाऐंशी! म्हनजे कंपनीनं एकट्या तुमच्याशीच दुश्मनी धरली काय?

गॅस? हो ना, हिंगणघाटात हृदय कोनालेच नाई, सगळ्याइले नुसतं पोट! डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली तं नॉर्मल निघाली म्हनता — निघनारच! तुमी घरी पडून राह्यले, यशोदावहिनीनं लिंबूपानी पाजलं, धडधड थांबली, मंग आरामात गेले दवाखान्यात. लाइट आल्यावर लाइनमन बोलावला तं तो काय दुरुस्त करन? मलेही चार वर्षं गॅसच्याच गोळ्या देल्या — मले म्हनजे... एका गिऱ्हाइकाले.

असे पाहू नका. हो, मलेच. नागपूरले गेलतो. जांघेतून तार टाकली. हृदयात विजेची एक फालतू वाट होती जन्मापासून, ते जाळली. तवापासून एक झटका नाई. तवा तं तिरुपतीले गेलतो म्हनून सांगितलं? कायचं तिरुपती! माह्या मयुरीच्या सोयरिकीची बोलनी चालू होती — पोरीच्या बापाचं हृदय बिघडलं म्हटलं असतं तं पाव्हन्यानं चहाले तोंड लावलं नसतं. म्हनून नागपुरातच मुंडन केलं, येताना हलवायाकडून बुंदीचे लाडू घेतले. प्रसाद म्हनून तुमीच हात जोडून दोन खाल्ले!

थांबवाची युक्ती? आहे ना — नाक-तोंड दाबून पोटातून जोर लावाचा, डॉक्टरनंच शिकवलं मले. पन तुमी आता लावू नका! थांबली तं पुन्हा पट्टी चांगली, पुन्हा गॅस, पुन्हा चौथं घड्याळ. धडधड चालू आहे तवाच ते कागदावर आली पाहिजे.

चक्कर येते? मंग बसून काऊन राह्यले? गोपाल, ऑटो थांबव! — पैसे वापस? माल चांगला आहे, वापस घेत नाई. काढू नका ते हातातलं. अन् दवाखान्यात गेल्यावर गॅस म्हनू नका, काईच म्हनू नका, नुसता हात पुढं करा. उठा, बंडूजी. माह्या दुकानात मराचं नाई.