मंडळाच्या वेबसाईटचे नाव परक्या हाती गेल्याबाबत

जबाब, दि. १४ ऑगस्ट २०२५

नाव : श्रीमती रोवेना ऑस्टिन तुस्कानो, वय ६१ वर्षे, धंदा : निवृत्त परिचारिका, रा. पापडी, वसई, जि. पालघर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. निर्झर रुग्णसाहित्य मंडळ या संस्थेची मी सचिव आहे. घरी आजारी माणूस असलेल्यांना मंडळ खाट, वॉकर, ऑक्सिजन मशीन वापरायला देते. त्याचे भाडे किंवा अनामत घेत नाही. साहित्य पापडी येथील आमच्या खोलीत असते.

मंडळाची वेबसाईट माझे पती ऑस्टिन यांनी निवृत्तीनंतर तयार केली होती. तिच्या नावाचे व इंटरनेटवरील जागेचे वार्षिक पैसे ते स्वतःच्या खिशातून भरत. हे मला त्यांच्या पश्चात बँकेचे कागद पाहताना कळले. ते मागील वर्षी वारले.

त्यानंतरच्या अंदाजपत्रकात मी वेबसाईटच्या खर्चाची नोंद घातली. नावाचे नूतनीकरण, साठवण, सुरक्षा आणि देखभालीला एक माणूस, एवढेच त्यात होते. अध्यक्ष श्री. शरदचंद्र चौधरी, रा. निर्मळ, सभेत म्हणाले, "वेबसाईट एकदा बनवली की बनली ना, बाई? भिंतीवरच्या बोर्डाचं भाडं कोणी दरवर्षी भरतं का?" मी म्हटले, "हा बोर्ड भाड्याच्याच भिंतीवर आहे." सर्व हसले व नोंद वगळण्यात आली. एका देणगीदारांनाही मी या खर्चासाठी विचारले. त्यांनी मशीन दिले. त्यावर त्यांच्या आईच्या नावाची पट्टी आहे. ते म्हणाले, "वेबसाईटवर पट्टी कुठे लावणार?"

मग मी स्वतः पैसे भरायला गेले. पण खाते ऑस्टिन यांच्या ईमेलवर होते व पासवर्ड कोणाला ठाऊक नव्हता. मृत्यूचा दाखला पाठवला. त्याच ईमेलवरून विनंती करावी, असे कंपनीचे उत्तर आले. मी पुन्हा लिहिले. मुदत संपली आणि ते नाव कोणीतरी विकत घेतले.

त्या नावावर आता आमच्यासारखेच पान दिसते. मशीनचा फोटो ऑस्टिन यांनी काढलेलाच आहे. "माणूस आधी, कागद नंतर" हे त्यांचे वाक्यही तसेच आहे. फोन नंबर मात्र दुसरा आहे आणि खाली अनामत भरण्याचा क्यूआर कोड आहे.

पाचूबंदर येथील सेबेस्टियन कोळी हे मासेमारी करतात. त्यांची पत्नी कमळी यांना फुप्फुसाचा आजार होता. जुलैअखेरीस रुग्णालयाने घरी ऑक्सिजन लावण्यास सांगून सोडले. त्यांनी पूर्वी आमच्याकडून वॉकर नेला होता, म्हणून मुलगी शर्लिन हिने मोबाईलवर तीच वेबसाईट उघडली. पैसे भरले. व्यवहाराची प्रत सोबत जोडली आहे. त्या नंबरवरून फोनवर "गाडी निघाली आहे" असे सांगत राहिले. पत्नीला परत रुग्णालयात न्यावे काय, असे सेबेस्टियन यांनी विचारले. "कशाला हलवता, मशीन येतंय," असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कमळी वारल्या.

माती दिल्यानंतर सेबेस्टियन आमच्या खोलीवर आले. म्हणाले, "बाई, पैसे भरले, तुमी मशीन का नाय धाडली?" मी त्यांना बसवले व वेबसाईट आमची राहिली नाही हे सांगितले. त्यांची नजर भिंतीलगतच्या ऑक्सिजन मशीनांवर गेली.

"ह्या कोनाच्या?"

"तुमच्यासारख्यांसाठीच."

"चालू हायेत?"

मी हो म्हणाले. त्यांनी एक सुरू करून दाखवायला सांगितले. मी केले. ते उभे राहून त्याचा आवाज ऐकत होते. नळी हातात घेऊन त्यांनी वारा येतो का ते पाहिले. मग म्हणाले, "बंद करा. लाईट जलते." आणि गेले.

तक्रार देण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून मी पोलीस ठाण्यात आले आहे. श्री. चौधरी सोबत आहेत. ते बाहेर म्हणाले, "माझं बोलणं लिहा, बाई. गाळू नका." ते मी गाळलेले नाही.

नाव घेणाऱ्याचा पत्ता परदेशातील असून लपवलेला आहे, तो फोन नंबर बंद आहे आणि नाव परत मिळेल अशी खात्री देता येत नाही, असे मला येथे समजावून सांगण्यात आले. नवे नाव घेता येईल. पण दवाखान्यांतल्या फलकांवर आणि साहित्यासोबत दिलेल्या, लोकांच्या घरातल्या चिठ्ठ्यांवर जुनेच छापलेले आहे. त्या कोणाकोणाकडे आहेत, हे मला सांगता येणार नाही.

माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "सदर वेबसाईट बंद पडली आहे" असे लिहिले गेले होते. ती चालू आहे. हवालदारांनी माझ्यासमोर उघडून पाहिली, पानावर आणखी एक नवा फोन नंबर आहे. तेवढी दुरुस्ती करून घेतली. बाकी मी सांगितले तसेच आहे.

सही/-
रोवेना ऑ. तुस्कानो