लाल बटणाचं माप

…न्हाय, पण मला एक सांगा, बटण म्हंजे काय गाभाऱ्यातला देव हाय का, एकदा बसवला की हलवायचाच न्हाय? तुमाला सांगतो, आपल्या सोलापुरात गिरणीत फिटर म्हनून मी अठरा वर्सं काढली, पर असला नकाशा बगितला न्हाय. चौऱ्याहत्तर साली मुंबईस्नं आला. रिळाच्या खात्यात नवं पॅनल बसवायचं. म्हंजे काय, तर एक लोखंडी पत्रा, त्याच्यावर दिवे, काटे, बटणं. कुटलं कुटं, ते ठरल्यालं. लाल बटण, म्हंजे मशीन बंद करायचं, डाव्या कडंपासनं बेचाळीस इंच, वरच्या कडंपासनं चार इंच. मी तितंच भोक पाडलं. केसभर फरक न्हाय. माप बरोबर हुतं की!

पर खात्यात जमीन धुत्यात, पाणी साचतंय, म्हनून पॅनलखाली दीड फुटाचा वटा बांधला. आता वटा वर गेला म्हंजे पॅनल वर गेलं, पॅनल वर गेलं म्हंजे बटण वर गेलं… ह्ये काय मुंबईला इचारायला पायजे? मी इंजिनेर साहेबास्नी म्हनलं, बटण जरा खाली घेतो. साहेब शांत मानूस, कदी आवाज चढवला न्हाय. म्हनले, "मायाप्पा, नकाशात वरून चार इंच आहे ना? मग चारच." झालं. माप बरोबर हुतं.

त्या पॅनलपाशी मशीन कुनाचं, तर ईरम्माचं. अक्कलकोटकडची बाई, दोन पोरींची आई, उंची साडेचार फूट, हसली की सगळं खातं हसायचं. मला म्हनायची, "मायाप्पाण्णा, ते बटण मला न्हाय, तुज्या साहेबाला बसवलंय." मी बी हसायचो. हसलो, बगा…

श्रावणातला सोमवार. ईरम्माचा उपास. सुताच्या गुंत्यात तिचा उजवा हात आत गेला. मी पार दुसऱ्या टोकाला तेल घालतोय. बाया वरडल्या म्हनून वळलो तर ही टाचा उचलून डावा हात वर ताणतीय, अन् हात पोचतोय कुटवर, तर बटणाखालच्या हिरव्या दिव्यापातूर. दिवा दाबून काय मशीन थांबतंय व्हय? तरी ती दाबतीय. दाबतीय अन् माझ्याकडं बगतीय. मी पळालो, बटण दाबलं, मशीन थांबलं. तवर दोन बोटं गेली.

मंग चौकशी. तिघं आले. एकानं टेप धरली, एकानं वाचलं, एकानं लिवलं. वरून चार इंच. बरोबर. डावीकडनं बेचाळीस. बरोबर. जमिनीपासनं किती, त्ये कुनी मोजलंच न्हाय, कागदावर तसला रकानाच न्हवता. कारण काय लिवलं ठावं हाय? 'कामगाराची उंची अपुरी.'

माझं टाळकं फिरलं. रविवारी सुट्टीला जाऊन मी दोन फूट खाली नवं भोक पाडलं, बटण तितं बसवलं. सोमवारी साहेबांनी काढाय लावलं, भोक बुजवलं, वर काळा रंग दिला, अन् मला तीन दिवस घरी बसवलं. त्या तीन दिवसांत ईरम्माकडं जाऊन आलो. म्हनलं, बाई, भोक मीच पाडलं हुतं. ती पट्टी बांधल्याला हात मांडीवर घिऊन बसली हुती. म्हनली, "तू तरी काय करतोस अण्णा. माप बरोबर हुतं की."

आता तिनं मला बोल लावला असता तर सोपं गेलं असतं…

बरं, मंग गिरणीनं काय सुदारणा केली म्हनता? केली की. रिळाच्या खात्यात आता नवी बाई घ्यायची तर आदी भिंतीला लावून तिची उंची मोजत्यात. पाच फूट दोन इंचाच्या खाली भरली की परत. परवा एकजण चवड्यांवर उबी ऱ्हायली, कामाची लई गरज हुती बिचारीला. मी बगितलं. बगून सुदिक परत धाडली. व्हय, उंची मीच मोजतो. साहेब म्हनत्यात, मायाप्पाचं माप कदी चुकत न्हाय.